तिल्लीचं तेल आणि उपाशीपोटीची गोळी

माझी मुलगी रेवा आता सात वर्षांची आहे. जन्मल्यानंतर पहिले सहा महिने ती मला आवडत नव्हती.

हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मी शाळेत शिकवते, खाडाखोड केलेली वही मला चालत नाही, म्हणून शेवटी तसंच राहू दिलं. आवडत नव्हती म्हणजे तिचा राग यायचा असं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी वाटलं असतं. पाहुणे त्यांचं लेकरू आपल्यापाशी ठेवून बाजारात जातात आणि आपण ते कधी परत येतात याची वाट पाहत बसतो, तसं काहीसं होतं.

इतकी वर्षं हे मी घराबाहेर बोलले नव्हते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतली रूपाली बाळंतपणाची रजा संपवून परत आली. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि नुसती डब्याकडे पाहत राहिली. मी सहज विचारलं, बाळ कसं आहे. ती म्हणाली, "चांगलं आहे म्हणते सगळे." ते 'म्हणते सगळे' ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला सगळं सांगितलं. तीच म्हणाली, मॅडम, हे लिहून काढा.

खिडकीच्या आतून

सौंसर माझं माहेर आणि पांढुर्णा सासर, मधे बसचा तासाभराचा रस्ता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. रेवा मार्गशीर्षात झाली. बाबांच्या बागेत तेव्हा संत्र्याची तोड चालू होती. ओसरीवर संत्र्यांचे ढीग, घरभर वास, आणि मला एक फोड खायची परवानगी नाही. संत्रं थंड, बाळंतिणीनं खाल्लं की लेकराला सर्दी. संत्रं सोलल्याशिवाय जिथे गप्पा सुरू होत नाहीत, त्या गावात मी अख्खा हिवाळा नुसता वास घेत काढला. माझ्या वाट्याला आली ती सालं, वाळवून दळून अंघोळीच्या उटण्यात घातलेली.

खरं सांगते, ते दिवस आठवले की आता गोडच वाटतं. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला रुमाल, कानात कापूस, पोटाला आईच्या जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा. उठल्या उठल्या आई अहळिवाची खीर घेऊन समोर उभी. सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, वाकायचं नाही, लेकराचं काही करायचं नाही. करायला माणसं होती. शेजारच्या बाया येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, नशीबवान आहे पोरगी.

अंगणात ऊन आलं की कौसामावशी यायची. ती मालिशवाली. मूळची रामाकोन्याची, लग्न होऊन सौंसरला आलेली, आमच्या मागच्याच गल्लीत राहणारी. आमच्या भागातली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हालेली, त्यात मीही एक. ती पाट मांडायची, लुगडं गुडघ्यावर घेऊन पाय लांब सोडायची आणि तिल्लीच्या, म्हणजे तिळाच्या तेलाची वाटी उन्हात ठेवायची. चुलीवर तापवलेलं तेल तिला चालत नसे. मग रेवाला नडग्यांवर पालथी घालून पाठीवरून हात फिरवायची, आधी सावकाश, मग जोर लावून, मग परत सावकाश. घरात सगळ्यांच्या हातात किरकिरणारी रेवा तिथे गप्प पडून असायची.

हे सगळं मी खिडकीच्या आतून पाहायचे. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीचं एकच दार उघडं असे. न्हाऊन, धुरी घेऊन, दुपट्यात गुंडाळलेली रेवा माझ्याकडे यायची ती फक्त दूध प्यायला. प्याली की आई तिला उचलून न्यायची आणि म्हणायची, तू पड आता. मी पडायचे आणि भिंतीकडे तोंड करून रडायचे. का रडते हे मलाच ठाऊक नव्हतं. एकदा आईनं पाहिलं, तर म्हणाली, बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं. त्यानंतर मी आवाज न करता रडायला शिकले.

सव्वा महिना झाला तेव्हा आईनं कौसामावशीची ओटी भरली आणि नवं लुगडं तिच्या हातात ठेवलं. मावशीनं लुगडं कपाळाला लावलं आणि आईला परत दिलं. म्हणाली, "राहू द्या बाई तुमच्यापाशीच. मंग नेईन."

आईला वाटलं, लुगडं पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिनं चांगल्या काठाचं दुसरं आणलं. मावशीनं तेही कपाळाला लावून परत दिलं. आई भयंकर चिडली. या बाईला आता शालू पाहिजे की काय, असं दिवसभर पुटपुटत होती. दोन्ही लुगडी कपाटात गेली.

तिगाव

तीन महिन्यांनी मी पांढुर्ण्याला आले. माझे मिस्टर तहसीलमध्ये बाबू आहेत. सासूबाई प्रेमळ, नातीसाठी जीव टाकणाऱ्या. तिथेही तेच झालं, रेवा सासूबाईंकडे आणि मी खाटेवर. केस मूठमूठ गळायचे. उन्हाळा तोंडावर आलेला आणि मला शाल लागायची. पाण्याची बादली उचलायची म्हटलं तरी आधी पाच मिनिटं बसावं लागे. सासूबाई म्हणायच्या, कमजोरी आहे, जाईल हळूहळू.

मला कमजोरीचं काही वाटत नव्हतं. मला एकच गोष्ट खात होती. रेवा माझ्या हातात रडायची आणि सासूबाईंच्या हातात गप्प व्हायची. लेकरांना कळतं म्हणतात, म्हणजे हिलाही कळलंय की ही बाई आपली नाही, असं माझ्या मनानं घेतलं. मग मी तिला घेणंच कमी केलं.

चैत्रातल्या एका दुपारी असंच झालं. रेवा रडली, सासूबाईंनी घेतली, ती थांबली. मी म्हटलं, भाजी घेऊन येते. पिशवी घेतली आणि थेट स्टेशनवर गेले. आमल्याकडे जाणारी पॅसेंजर उभी होती, तिच्यात बसले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. तिकीटही नव्हतं, आणि आयुष्यात कधी विनातिकीट न बसलेली मी, मला त्याचंही काही वाटलं नाही.

पुढचं स्टेशन तिगाव. गाडी थांबली तशी समोरच्या बाकावरच्या बाईचं तान्हं रडायला लागलं, आणि मला पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला, पदर भिजला. घरी रेवा रडायची तेव्हा मला काहीच होत नाही अशी माझी खात्री होती. अंगाला मात्र सगळं कळत होतं. मी गाडीतून उतरले, पिशवी छातीशी धरून बाकावर बसले आणि मिस्टरांना फोन केला. म्हटलं, मी तिगावला आहे.

ते मोटारसायकल घेऊन आले. कुठे चालली होतीस, हे त्यांनी विचारलं नाही. भिजलेला पदर पाहिला आणि म्हणाले, "चहा घेते का?" मी मान हलवली. चहा झाला. परत येताना मी मागे बसले होते. त्यांची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणून मला बोलता आलं. म्हटलं, अहो, मला ती माझी वाटत नाही.

त्यांनी गाडी एका बागेच्या कडेला उभी केली. इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "मले बी पहिल्या महिन्यात काहीच वाटलं नव्हतं. म्हटलं, बापाले असंच असंन. पर तुले त्रास होऊन राहिला. उद्या दवाखान्यात जाऊ." त्यांच्यावर मी पुष्कळ वेळा चिडले आहे आणि पुढेही चिडेन, पण त्या दिवसाबद्दल त्यांना सगळं माफ आहे.

दवाखाना

पांढुर्ण्यातल्याच एका डॉक्टरबाई. बाहेर बाकावर आम्ही पाच-सहा बायका, प्रत्येकीच्या मांडीवर लेकरू, माझीच मांडी रिकामी. नाव पुकारलं तेव्हा मिस्टर सोबत उठले, तर डॉक्टरबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, बाळाजवळ गेल्यावर काय वाटतं.

चार महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे दुधाचं विचारायचे. मी म्हटलं, काहीच वाटत नाही. आणि मोठ्यानं रडले. बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं असणार. जीव द्यावासा वाटतो का, असंही त्यांनी सरळ विचारलं. मी सांगितलं, नाही, फक्त निघून जावंसं वाटतं. त्या म्हणाल्या, ज्या दिवशी जीव द्यावासा वाटेल त्या दिवशी नंबर लावायचा नाही, सरळ आत यायचं.

रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बाळंतपणानंतर थायरॉईड मंदावलं होतं आणि त्याच्या जोडीला बाळंतपणानंतरचं नैराश्यही होतं. एकानं दुसऱ्याला धरून ठेवलं होतं. मी विचारलं, म्हणजे मी आई म्हणून नापास नाही ना? त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तापात पेपर दिलाय. आधी ताप उतरू द्या, मग मार्क बघू."

आजार निघाला म्हणून इतका आनंद झालेली बाई त्यांनी पाहिली नसेल. घरी आले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मनासाठी एक गोळी होती, दुपारच्या जेवणानंतरची. थायरॉईडची दुसरी, सकाळी उठल्याबरोबर. महिनाभर माहेरी राहून या, असं डॉक्टरबाईंनीच सुचवलं.

मेथीचा लाडू

आईनं औषधांचा ताबा घेतला. मीही दिला, कारण तेव्हा मला वेळ-वार काही लक्षात राहत नसे. लेकरू चार महिन्यांचं झालं तरी आईच्या लेखी मी अजून बाळंतीणच होते. वैशाखाच्या उन्हात, अंगावर शाल घेऊन मी मेथीचे लाडू खात होते.

मनाच्या गोळीनं रडणं कमी झालं. पण अंग तसंच जड, केस तसेच गळत, थंडी तशीच. रेवाकडे पाहायचे तेव्हा मधे जाड काच असावी तसं वाटायचं. महिन्याचा दीड महिना झाला. पुन्हा रक्त दिलं, तर थायरॉईड जिथल्या तिथे. डॉक्टरबाई कोड्यात पडल्या. गोळीची ताकद वाढवावी लागेल म्हणून लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता विचारलं, रोज न चुकता घेता ना.

आई शेजारीच बसली होती. उत्तर तिनंच दिलं, मोठ्या अभिमानानं. "एक दिवस चुकली नाई, डॉक्टरीणबाई. अन् उपाशीपोटी तर म्या तिले कधीच घेऊ नाई दिली. अख्खा लाडू अन् पेलाभर दूध पोटात गेल्याबिगर गोळीले हात लावू देत नाई."

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते, वर तासभर काही खायचं नसतं. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं. आईनं ते वाचलं होतं आणि मुद्दाम पाळलं नव्हतं. बाळंतिणीनं उपाशीपोटी दवाई घ्यायची, हे तिच्या डोक्यात बसूच शकत नव्हतं. आमच्या भागातल्या कोणत्याही आईच्या डोक्यात बसलं नसतं. डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या, "काकू, गोळीचा फायदा त्या लाडवानंच खाल्ला."

मलाही हसू आलं, किती तरी महिन्यांनी. आई मात्र हसली नाही. बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसली. सौंसर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "म्या तर तुह्या भल्यासाठीच करून राहिली होती वं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिचा हात धरला. इतके महिने सगळे मलाच धरत होते, त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणाला तरी धरलं.

दुसऱ्या दिवसापासून आई माझ्या आधी उठून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उशाशी बसायची. तासभर स्वयंपाकघराच्या दारात पहारा. बाबांनी एकदा सवयीनं माझ्यासाठी चहा आणला, तर त्यांना चहासकट परत पाठवलं.

पाट

गोळी लागू पडायला लागली त्याच सुमारास एका सकाळी कौसामावशी आली. पाट मांडला, तेलाची वाटी उन्हात ठेवली आणि बसली नाही. मला हाक मारली, "ये पोरी, बस."

आई म्हणाली, तिची तबियत कुठे बरी आहे अजून. मावशी म्हणाली, "म्हणूनच म्हणून राहिली. मी दुसऱ्याच्या लेकरांले किती दिवस तेल लावू?" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "थंडीत म्या तुले खिडकीतून पायत होती. लेकरू पिऊन झालं का तुही नजर लेकरावर नव्हती, भिंतीवर होती. तवाच बोलाले पायजे होतं. बाळंतिणीले काही बोलू नाई म्हणते, म्हणून गप बसली. चुकलं माह्यं."

मी पाटावर बसले, पाय लांब केले. रेवा माझ्या नडग्यांवर आली. तेलकट अंग, मासोळीसारखी सुळकन निसटायची. मावशी मागे बसली आणि तिनं माझ्या हातांवर आपले हात ठेवले. खाली रेवाची पाठ, मधे माझा तळवा, वर मावशीचा खरखरीत हात. आधी सावकाश, मग जोर लावून, मग परत सावकाश.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अशा गोष्टी सांगताना लोक पहिल्याच स्पर्शाला चमत्कार करून मोकळे होतात, म्हणून मुद्दाम लिहिते. आठवडाभर मला फक्त पाठ दुखल्याचं जाणवलं. डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, करत राहा, अंगाला अंग लागलं की आईच्याही शरीरात काही झरतं आणि बाळाच्याही, त्याला वेळ द्या. मात्र गोळी चुकवू नका. तेलानं मी बरी झाले असं मी कोणाला सांगत नाही. गोळीनं काच पुसली, आणि तेलाच्या हातांनी मला तिच्यापर्यंत नेलं, असं म्हणते.

हळूहळू काही गोष्टी कळायला लागल्या. डाव्या पोटरीला तेल लावलं की ती पाय झटकते, उजव्याला नाही. कानामागे बोट गेलं की मान वाकडी करते. मानेवर केसांच्या खाली तीळ आहे. सहा महिन्यांची झाली तरी हा तीळ मी पाहिला नव्हता.

आषाढ लागला होता. आभाळ होतं, म्हणून पाट ओसरीवर घेतला होता. न्हाऊ घालून झालं, आई नेहमीसारखी दुपटं घेऊन आली आणि तिनं रेवाला उचललं. रेवानं आईकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. दोन्ही हात माझ्याकडे. आईनं थोपटलं, गाणं म्हटलं, तरी थांबेना. मी हात पुढे केले. ती आली, ओलं तोंड माझ्या गळ्यात खुपसलं आणि गप्प झाली.

मला ती आवडली. इतकी आवडली की छातीत दुखलं. ही आता कोणी मागितली तर मी देणार नाही, असं वाटलं, आणि सहा महिने मी हिला कशी देत आले याचं फार वाईट वाटलं. तिला घट्ट धरून मी तशीच ओल्या पाटावर बसून राहिले.

पायरीवर बसलेली कौसामावशी उठली, हात पदराला पुसले आणि आईला म्हणाली, "बाई, आता आणा माह्यं लुगडं."

आई आत गेली आणि दोन्ही लुगडी घेऊन आली. मावशीनं पहिलं साधं तेवढं घेतलं. काठाचं परत देत म्हणाली, अजून कोणाच्या तरी कामी येईल. तिचा हा नेमच होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. लेकराची आई स्वतः पाटावर बसून न्हाऊ घालू लागली आणि लेकरू तिच्याच कुशीत शांत झालं, की मगच ती लुगडं न्यायची. बहुतेक घरी ते सव्वा महिना उलटला की लगेच होऊन जायचं, म्हणून कोणाच्या ध्यानात यायचं नाही.

त्या वर्षी संत्र्याची तोड सुरू झाली तेव्हा आईनंच एक संत्रं सोललं आणि पहिली फोड माझ्या तोंडात घातली. दुसरी रेवानं ओढून घेतली.

रविवार

कौसामावशीला आता पाटावर बसवत नाही, गुडघे गेले. सौंसरला गेलो की रेवा आधी तिच्याकडे पळते. मावशी तिची पोटरी दाबून बघते आणि म्हणते, घट्ट हाय. वाटी उन्हात ठेवलेली कुठे दिसली की मला अजून ते अंगण आठवतं, आणि आजाराचे ते दिवस परत मिळाले तर मी ते नको म्हणणार नाही. या वेळी फक्त खिडकी पूर्ण उघडेन.

रूपालीला मी डॉक्टरबाईंकडे नेलं. तिचं थायरॉईड नीट निघालं, दुखणं मनाचं होतं. प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून तपासून घ्यायचं, माझ्यावरून अंदाज करायचा नाही. उपचार सुरू झाले आहेत. दर रविवारी मी तिच्या घरी जाते. पाट मांडते, तेल उन्हात ठेवते, तिच्या पायांवर तिचा मुलगा घालते आणि तिच्या मागे बसून तिच्या हातांवर हात ठेवते. अजून ती अंग चोरते, मुलाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते.

गेल्या रविवारी निघताना तिच्या आईनं मला हळदीकुंकू लावलं आणि आतून एक साडी आणली, चांगली, हिरव्या काठाची. इतकं करून राहिल्या तुम्ही मॅडम, म्हणाली. मी साडी कपाळाला लावली आणि तिच्या हातात परत दिली.

"राहू द्या काकू तुमच्यापाशीच," मी म्हटलं. "मंग नेईन."